डाव्या हाताची खुर्ची

एनॉस बार्कस्डेल जेवायला बसला की लूशस पेटवे त्याच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसायचा. ग्रेव्हली मावशींच्या खाणावळीतलं लांब टेबल अर्धं रिकामं असलं तरी तिथंच. संध्याकाळी रिंगमध्ये ज्याच्या बरगड्या फोडायच्या त्याच्याच शेजारी सकाळी मक्याचा पाव मोडायचा, याचं त्या घरात कुणाला नवल नव्हतं. फिलाडेल्फियात आमच्या रंगाच्या, दणकट पलंग लागणाऱ्या माणसाला धड जागा मिळायची ती मावशींकडेच. लढणारे दोघंही मग तिथंच उतरायचे.

एनॉस माझ्या बहिणीचा नवरा. मी नॅशव्हिलला रसायनशास्त्र शिकून आलो होतो आणि लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या एका औषधांच्या दुकानात काम करत होतो. लढतीच्या दिवशी एनॉसच्या कोपऱ्यात उभं राहून फुटलेली भुवई बांधायची, हे माझं दुसरं काम. लूशस मला प्रोफेसर म्हणायचा. शिवी दिल्यासारखं नाही, पण अगदी कौतुकानंही नाही.

त्या दोघांच्या तोवर दहा लढती झाल्या होत्या. बॉस्टनला, पिट्सबर्गला, पुन्हा बॉस्टनला. हौस म्हणून नव्हे. गोऱ्या हेवीवेट बॉक्सरांनी काळ्या माणसाशी लढणार नाही असं वर्तमानपत्रांतून जाहीर करून टाकलं होतं. कुणी कारण विचारलंच तर ते तत्त्वाचं नाव घ्यायचे. मग आमच्यातल्या चांगल्या लढवय्यांना उरायचं ते एकमेकांशीच लढणं. लूशस म्हणायचा की बायकोच्या हातापेक्षा त्याला एनॉसचा कोपर जास्त ओळखीचा आहे.

एनॉसचा डावा डोळा गेला होता. आदल्या वसंतात एका लढतीत ग्लोव्हचा अंगठा आत घुसला, नंतर त्या डोळ्यापुढे खालून वर चढणारी सावली यायला लागली, आणि उन्हाळ्यात ती पूर्ण चढली. मी त्याचा उजवा डोळा हाताने झाकून मेणबत्ती इकडून तिकडे फिरवली. ज्योत कुठं आहे ते त्याला सांगता आलं नाही. उजेड आहे एवढंच कळत होतं. बाहेरून मात्र डोळा नितळ दिसायचा. एनॉसने मला बजावलं की माझ्या बहिणीलासुद्धा हे सांगायचं नाही. एका डोळ्याच्या माणसाबरोबर कुठलाच आयोजक करार करत नाही, आणि त्याला अजून एका लढतीची आशा होती.

ती लढत टॉम हॅनिगनशी. विजेतेपदाच्या सगळ्यांत जवळ पोचलेला गोरा माणूस तो. तीन वर्षं एनॉस त्याला आव्हान देत होता आणि तीन वर्षं हॅनिगनचा मॅनेजर स्लेड एकच उत्तर देत होता.

डोळ्याचं फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे असं मी समजत होतो. मग एके सकाळी माझं लक्ष मिठाच्या भांड्याकडे गेलं. ते एनॉसच्या ताटाच्या डावीकडे होतं. मावशींशी कॅटफिशच्या भावाबद्दल बोलता बोलता लूशसने ते उचललं आणि ताटाच्या उजवीकडे ठेवलं. एनॉसने घेतलं, भुरभुरवलं. थोड्या वेळाने कॉफीच्या कपाचंही तेच झालं.

त्यानंतर मी त्यांच्या लढती वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. लूशसचा उजवा हात फार घातक होता. इतरांना तो त्या उजव्यानेच झोपवायचा. समोर उभ्या माणसाच्या उजव्या हाताचा ठोसा आपल्या डाव्या बाजूने येतो, आणि एनॉसच्या डाव्या बाजूला तर अंधार होता. तरीही लूशस त्याच्या डोक्यावर उजवा टाकतच नव्हता. उजवा वापरला तर पोटावर, बरगड्यांवर. डोक्यासाठी सगळा डावा. खोटं लढत नव्हता तो. त्याच्या डाव्याने एनॉसचा ओठ दोनदा फाटला होता. फक्त तेवढी एक बाजू त्याने सोडून दिली होती, आणि एनॉसनेही ती उघडी ठेवायची सवय लावून घेतली होती.

अकराव्या लढतीला स्लेड पुढच्या रांगेत येऊन बसला. तोंडात न पेटवलेला सिगार, टोपी गुडघ्यावर. सहाही फेऱ्या त्याने हॅनिगनसाठी माल पारखावा तशा बघितल्या आणि कुणाशी न बोलता निघून गेला. आठवड्याभरात त्याचा माणूस खाणावळीत आला. हॅनिगन लढायला तयार होता. इथंच, फिलाडेल्फियात, सहा फेऱ्या.

मावशींनी एप्रनला हात पुसून एनॉसचं डोकं कुरवाळलं. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. असली लढत जमवताना गोऱ्याचा मॅनेजर हटकून अट घालतो: हात आखडून लढायचं, गोऱ्याला पाडायचं नाही, शेवटपर्यंत उभं राहू द्यायचं. स्लेडने अशी कुठलीच अट घातली नव्हती. ज्या माणसाला तीन वर्षं टाळलं त्याच्यासमोर तो आपला माणूस मोकळा सोडत होता. मधल्या काळात काय बदललं असेल, याचा विचार केला की मी एकाच गोष्टीशी, त्या डोळ्याशी, येऊन थांबायचो.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी औषधं पोचवायला मार्केट स्ट्रीटकडे गेलो होतो. तिथल्या मोठ्या हॉटेलात आमचे लोक फक्त सामानाच्या दारातून जात. त्या दारातून लूशस बाहेर आला. मागोमाग स्लेड. स्लेडने त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं आणि लूशसने मान हलवली. मी एका गाडीच्या आड झालो. का झालो, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी एनॉसला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवताना, लूशस नेहमीच्या खुर्चीत बसलेला असताना, त्याने मान न वळवता विचारलं, "स्लेडशी काय बोललास?"

लूशसचा घास थांबला नाही. "कामाचं. हॅनिगनला सरावाला माणूस हवाय."

"कसला माणूस?"

"तुझ्यासारखा लढून दाखवणारा. त्यासाठी तुझा मार खाल्लेला माणूस लागतो. माझ्याइतका कुणी खाल्लाय?"

मावशी हसल्या. एनॉस हसला नाही. "मला कधी सांगणार होतास?"

"तू विचारशील तेव्हा," लूशस म्हणाला आणि पावाने ताट पुसून घेतलं.

दोन दिवसांनी तो नदीपलीकडे हॅनिगनच्या तळावर गेला. त्यात जगावेगळं काही नव्हतं. जे गोरे बॉक्सर लोकांसमोर आमच्याशी लढत नसत ते तळावर रोज आमचेच ठोसे खात आणि आम्हाला मारत. सरावात रंग आडवा येत नसे, कारण तिथं तिकीट नसतं. पण हा लूशस होता. एनॉसचा डोळा त्याला माहीत होता, आणि आता पुढचे सगळे दिवस तो हॅनिगनसमोर एनॉस बनून उभा राहणार होता.

मी एनॉसला सांगितलं की नकार दे. खांदा दुखतोय म्हण. हॅनिगन त्या बाजूने उजवा टाकत राहिला तर एकही ठोसा तुला दिसणार नाही, आणि चांगला डोळाही जाईल.

एनॉस बुटाची नाडी बांधत होता. तो म्हणाला, "मी नाही म्हटलं तर मला पुन्हा कोण विचारणारेय?"

"आणि लूशसने सांगितलं असलं तर?"

"तर मग या फुटक्या डोळ्यानेच दार उघडलंय, क्लेम. दोन धड डोळे होते तेव्हा तीन वर्षं ठोठावत होतो."

मला जे संकट वाटत होतं ते त्याला लढतीचं मोल वाटत होतं. त्याने फक्त एवढं केलं की डावा ग्लोव्ह कानशिलाला चिकटवून ठेवायला शिकायला लागला. सरावाला आणलेल्या माणसाला तो सांगायचा, उजव्याने मार, अजून मार. तो न दिसणारा हात तो समोरच्याच्या पायावरून ओळखू बघत होता. उजवी टाच उचलली की ठोसा येतो, इतकं नीट जमलं. पण टाचेकडे बघायचं तर चेहरा सुटायचा, आणि चेहऱ्याकडे बघायचं तर टाच. संध्याकाळी त्याचं डावं कानशील सुजलेलं असायचं.

लूशसचा त्या दिवसांत काहीच निरोप आला नाही. मावशी त्याच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नव्हत्या. एनॉस त्या खुर्चीकडे पाठ करून जेवायचा.

लढतीच्या दिवशी सभागृह दारापर्यंत भरलं होतं. आमचे लोक वर, छताजवळच्या सज्जात, जिथं धूर साचतो तिथं. हॅनिगन आला तेव्हा खाली टाळ्या वाजल्या. त्याच्या मागे स्लेड, आणि स्लेडच्या मागे पाण्याची बादली घेऊन लूशस. सज्जातून कुणीतरी त्याच्या आईचा उद्धार केला. लूशसने वर पाहिलं नाही. आमच्या कोपऱ्याकडेही नाही. बादली खाली ठेवून त्याने स्पंज पिळला.

रेफ्रीने दोघांना मध्ये बोलावलं. स्लेड एनॉसला म्हणाला, "नीट लढ हं, पोरा." एनॉसने तिशी केव्हाच ओलांडली होती.

घंटा झाली. एनॉसचा डावा ग्लोव्ह कानशिलाला चिकटलेला होता, सरावातल्यासारखा. मी हॅनिगनच्या उजव्या हाताकडे डोळे लावून बसलो. तो हात हलेना. हॅनिगन बाजूला सरकला आणि त्याने डावा टाकला, बाहेरून, वळवून, एनॉसच्या उजव्या कानाकडे. पुन्हा डावा. पुन्हा. घाई नव्हती त्याला. ज्याला दिसत नाही अशाला मारताना माणूस जसा निवांत असतो तसा तो मारत होता. एनॉसने दोन चुकवले, एक खांद्यावर घेतला. फेरी संपेपर्यंत हॅनिगनचा उजवा हात छातीशी होता तिथंच होता.

एनॉस स्टुलावर बसला. मी त्याच्या मानेवर पाणी सोडलं.

"क्लेम, हा कुठं मारतोय?"

"उजवीकडे. सगळे उजवीकडे."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्याला कुणीतरी उजवा डोळा सांगितलाय."

मी समोरच्या कोपऱ्याकडे बघितलं. लूशस हॅनिगनचं तोंड पुसत होता. आमच्याकडे त्याची पाठ होती.

दुसऱ्या फेरीत एनॉसने डावा ग्लोव्ह खाली घेतला. हॅनिगनचा डावा यायचा तेव्हा तो डोकं जरा उशिरा हलवायला लागला, ठोसा गालावरून घासून जाईल इतपत. एकदा त्याने उजवीकडे मान पूर्ण वळवून शोधल्यासारखं केलं. तो आपल्या गेलेल्या डोळ्याचं सोंग दुसऱ्या डोळ्यावर करत होता, आणि ते सोंग त्याच्याइतकं कुणाला जमणार? स्लेड दोरखंडाला ओठंगून ओरडला, "तीच बाजू! तीच बाजू धर!" तिसऱ्या फेरीत एक ठोसा घासण्याऐवजी बसला आणि एनॉसचा गुडघा वाकला. सोंग कुठं संपतं हे मलाही कळेनासं झालं होतं.

चौथ्या फेरीत हॅनिगनने डावा पार मागून काढला. एनॉसला तो खांद्यापासून दिसला. तो दीड पाऊल आत गेला, ठोसा त्याच्या मानेमागून निघून गेला, आणि त्याचा उजवा हॅनिगनच्या जबड्यावर डाव्या बाजूला बसला. हॅनिगन आधी खाली बसला आणि मग आडवा झाला. त्याचा एक दात कॅनव्हासवर माझ्यापासून हातभर अंतरावर पडला होता. रेफ्रीने आकडे शक्य तितके सावकाश मोजले. तरी ते संपले.

आम्ही मागच्या गल्लीतून बाहेर पडलो. समोरच्या दारावर पोलीस होते, आणि ते कुणाला आवरायला आले होते ते आम्हाला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात छापून आलं की हॅनिगनला ताप होता. दुसऱ्या एका वर्तमानपत्राने एनॉसचा ठोसा नशिबाचा ठरवला आणि मुद्दाम जाडजूड ओठ काढलेलं त्याचं चित्र छापलं. आणखी दोघा गोऱ्या हेवीवेटांनी आपलं तत्त्व नव्याने जाहीर केलं. एनॉसने सिद्ध करायचं ते केलं होतं, आणि त्यामुळेच आता त्याच्यापुढे कुणी उभं राहणार नव्हतं. लूशस लढतीनंतर परस्पर पश्चिमेकडे निघून गेला. सॅन फ्रान्सिस्कोला लढतोय असं कानावर आलं.

तो गेला तरी प्रश्न राहिला, आणि मी तो माझ्या पद्धतीने मांडून पाहत होतो. लूशसने मुद्दाम चुकीचा डोळा सांगितला असेल. म्हणजे त्याने आधी दार उघडून दिलं, आणि आत जाणाऱ्याच्या हातात हत्यारही दिलं. किंवा त्याने एनॉसला सरळ विकलं, पण विकताना घोटाळा केला. समोरच्या माणसाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. इतक्या लढती समोर उभं राहून बघितलेला आंधळा डोळा त्याच्या डोक्यात उजवीकडचा म्हणून बसला असेल. किंवा त्याने कुणाला काहीच सांगितलं नसेल. स्लेड त्या अकराव्या लढतीत बसला, त्याने लूशसला डोक्यावर फक्त डावा टाकताना पाहिलं, आणि स्वतःच ठरवलं की एनॉसच्या उजव्या बाजूला काहीतरी दुखणं आहे म्हणून हा तिथंच मारतोय. एका बाजूला जपणं हे बाहेरून दुसऱ्या बाजूवर हल्ला केल्यासारखंच दिसतं.

एनॉसला मी तिन्ही शक्यता सांगितल्या. पहिली ऐकताना तो पायमोजा वळत होता. दुसरी ऐकताना त्याचे हात थांबले. तिसरी त्याने ऐकली की नाही मला शंका आहे.

"विचार की त्याला," मी म्हणालो.

"तो हो म्हणाला तर मी विश्वास ठेवीन?" एनॉस म्हणाला. "आणि नाही म्हणाला तर?"

हिवाळ्यात त्यांची बारावी लढत ठरली. दुसरं कोण होतं दोघांना? आदल्या दिवशी लूशस खाणावळीत आला, ओव्हरकोटवर बर्फ, भुवईवर नवा व्रण. मावशींनी त्याला मिठी मारली आणि मसालेदार सूप पुढे ठेवलं. मग तो ताट उचलून आपल्या खुर्चीकडे वळला.

खुर्ची तिथं नव्हती. म्हणजे होती, पण एनॉस तिथं नव्हता. तो टेबलाच्या टोकाला सरकला होता. त्याच्या डाव्या हाताला आता भिंत होती.

लूशस ताट धरून उभा राहिला. सुपाची वाफ त्याच्या हनुवटीपर्यंत येत होती. मग तो फिरून आला आणि एनॉसच्या समोर, माझ्या शेजारी बसला. पश्चिमेकडे संत्री फुकटच्या भावात मिळतात, असं काहीतरी मावशींना सांगायला लागला.

मला राहवलं नाही. समोरच्याची बाजू तो उलटी धरतो का हे बघायला मी एक चाचणी मनात ठरवून ठेवली होती. हॅनिगनचा डाव्या बाजूचा दात पडला होता, आणि लूशसने त्याच्या समोर गुडघे टेकून ते तोंड धुतलं होतं. मी सहज विचारल्यासारखं केलं, "लूशस, हॅनिगनचा दात कुठल्या बाजूचा पडला रे?"

त्याने चमचा खाली ठेवला आणि बोट स्वतःच्या गालावर टेकवलं. उजव्या. आरशात बघावं तसं.

माझ्या तोंडावर काहीतरी उमटलं असणार. लूशस माझ्याकडे बघत राहिला. मग ते बोट सावकाश नाकावरून नेऊन त्याने दुसऱ्या गालावर टेकवलं.

"की इकडचा? तुला नेमकं काय विचारायचंय, प्रोफेसर?"

"सहज," मी म्हणालो.

"क्लेम, जेवू दे त्याला," एनॉस म्हणाला. त्याने सूप चाखलं आणि ताटाच्या उजवीकडे चाचपलं. मग मान वर करून टेबलावर नजर फिरवली. मिठाचं भांडं भिंतीशी होतं, त्याच्या डाव्या कोपराला लागून. त्याला दिसत नव्हतं. मला दिसत होतं, लूशसलाही दिसत होतं. लूशसचा हात टेबलावरून उठला, अर्ध्यावर आला, आणि परत खाली गेला. इतक्या लांबून भांडं सरकवायचं तर एनॉसच्या तोंडासमोरून हात न्यावा लागला असता.

"तुझ्या डाव्या हाताला," लूशस म्हणाला. समोर बसून, एनॉसकडे बघत, एका क्षणाचाही विचार न करता, आणि बाजू न उलटवता.

एनॉसने ते ऐकलं. माझ्याइतकंच स्पष्ट ऐकलं असणार. त्याचा हात डावीकडे गेला आणि भांड्यावर थांबला. मग त्याने मीठ भुरभुरवलं, आणि भांडं परत ठेवताना भिंतीशी न ठेवता टेबलाच्या मधोमध ठेवलं, दोघांच्याही हाताला येईल असं.

भिंतीलगतची आपली खुर्ची मात्र त्याने हलवली नाही.